सिल्व्हरस्टोन ऑटोस्पोर्ट बीआरडीसी पुरस्कार: डेटा इंजिनिअरच्या खुर्चीतून

नावं झाकून चार ड्रायव्हरांचे ब्रेकचे आलेख माझ्यापुढे ठेवले, तर आमच्या संघातला मुलगा कोणता ते मी सांगू शकते. हस्ताक्षरासारखंच असतं ते. एकाचा पाय पेडलवर दणकन पडतो आणि तितक्याच घाईने सुटतो. दुसरा आधी चाचपतो, मग जोर लावतो, आणि त्या चाचपण्यात चार-पाच मीटर निसटतात. ब्रिटनमधल्या ज्युनियर सिंगल-सीटर (एकाच आसनाच्या, उघड्या चाकांच्या शर्यतीच्या गाड्यांच्या) मालिकांमध्ये एका छोट्या संघाची डेटा इंजिनिअर म्हणून मी सात हंगाम काढले. या सात वर्षांत पोरं, त्यांचे आईबाप, मेकॅनिक, सगळे ज्याच्याबद्दल आशेने बोलताना ऐकले ते म्हणजे ‘ऑटोस्पोर्ट अवॉर्ड’. घरातल्या मुलाला किंवा मुलीला या खेळात घातलेले काही मराठी पालक इथे भेटतात आणि विचारतात, “ताई, हा पुरस्कार खरंच इतका मोठा आहे का?” त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी थोडी ओळख. 1989 मध्ये हा पुरस्कार सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी तो डेव्हिड कूल्टहार्डला मिळाला. त्यानंतर प्रायोजकाप्रमाणे नाव बदलत गेलं: बरीच वर्षं मॅक्लारेन, मग अ‍ॅस्टन मार्टिन, आता सिल्व्हरस्टोन, म्हणजे इंग्लंडमधला शर्यतीचा ट्रॅक. ऑटोस्पोर्ट हे नियतकालिक आणि ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लब, म्हणजे बीआरडीसी, ही जोडी कायम राहिली. हंगामातून निवडलेले चार तरुण ब्रिटिश ड्रायव्हर सिल्व्हरस्टोनला दोन दिवस वेगवेगळ्या गाड्या चालवतात, परीक्षक त्यांना पारखतात, आणि जिंकणाऱ्याला दोन लाख पौंड व फॉर्म्युला वन गाडीची चाचणी मिळते. निकाल लंडनच्या समारंभात जाहीर होतो. तोवर चौघांपैकी कुणालाच काही कळत नाही.

यातली माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे चौघांना मिळणारी सारखी गाडी. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की ब्रिटिश एफ-फोर (फॉर्म्युला फोर, कार्टिंगनंतरची पहिली पायरी) सारख्या मालिकेत सगळ्यांची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, एक, इंजिन एक, म्हणजे गुणतक्ता हीच गुणवत्ता. तसं नसतं. एका मुलाला हिवाळ्यात पंचवीस दिवस सराव मिळतो, दुसऱ्याला सहा. एकाच्या गाडीला दर सराव सत्राला कोरे टायर, दुसरा तोच संच तिसऱ्यांदा चढवतो. एकाकडे वीस वर्षं मुरलेला इंजिनिअर, दुसऱ्याकडे पहिल्या हंगामातली मी. माझ्या तिसऱ्या हंगामात आमच्या संघात दोन मुलं होती. एक तक्त्यात पाचवा आला, दुसरा अकरावा. त्या अकराव्याच्या कामगिरीवर मी आजही पैज लावेन. शर्यतीच्या शेवटच्या पाच लॅपमध्ये (ट्रॅकच्या फेऱ्यांमध्ये) त्याच्या वेळांत दोन दशांशांपेक्षा जास्त फरक पडत नसे, आणि टायर संपत आलेले असतानाही त्याचं स्टिअरिंग शांत असायचं. पण त्याच्या वडिलांनी ऑगस्टमध्ये फोन केला, “पुढच्या वर्षीचं जमणार नाही.” तक्त्यात शेवटी त्याचा फक्त अकरावा नंबर उरला.

हे दोन दिवस असल्या तक्त्याला काही काळ बाजूला ठेवतात, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. चाचणीत एकच गाडी नसते, ही त्यातली आणखी शहाणपणाची बाब. विलियम्सने 2009 च्या फॉर्म्युला टू मालिकेसाठी बनवलेली सिंगल-सीटर, एलएमपी-थ्री प्रकारातली, खास शर्यतीसाठीच बनवलेली छोटी प्रोटोटाइप आणि जीटी-थ्री, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर बेतलेली गाडी, अशा तीन वेगवेगळ्या स्वभावांच्या गाड्या या चाचणीत वापरल्या गेल्या आहेत. त्याआधी कधीकाळी डीटीएम या जर्मन टूरिंग कार मालिकेतली मर्सिडीजही असायची. तीन गाड्या का हव्यात, ते ब्रेकवरूनच सांगते.

सिंगल-सीटरला पंखांमुळे मिळणारा खालचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तसाच उतरतो. वेग निम्मा झाला की तो दाब चौथाईवर येतो. म्हणून सरळ रस्त्याच्या टोकाला ब्रेकवर पहिल्याच क्षणी पूर्ण ताकद लावायची असते, आणि गाडी मंदावत जाईल तसा पाय इंचाइंचाने सोडत वळणात शिरायचं असतं. एबीएस (ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे सोडायला उशीर झाला की चाक लॉक होतं आणि टायरवर सपाट चट्टा पडतो. जीटी-थ्रीत एबीएस आहे, चाकं जागीच फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल आहे, वजन तेराशे किलोच्या आसपास आणि डोक्यावर छप्पर. तिथे एबीएसवर विसंबून पेडल दाबून ठेवण्याचा धीर लागतो, आणि तो एफ-फोरमधून आलेल्या मुलाच्या पायाला माहीत नसतो. त्याचा पाय सवयीने लवकर सुटतो आणि गाडी वळणाच्या तोंडाशी रुसल्यासारखी सरळ जाते. एलएमपी-थ्री या दोघींच्या मधली: दाब आहे, वजन आहे, एबीएस नाही. तिन्ही गाड्यांत ज्याचा आलेख दहाव्या लॅपपर्यंत त्या त्या गाडीसारखा दिसू लागतो, त्याच्यात शिकण्याची ताकद आहे असं मी म्हणेन. सिंगल-सीटरमध्ये विजेच्या गतीने फिरणारा पण जीटीमध्ये दुपारपर्यंत सिंगल-सीटरच चालवत राहणारा मुलगा मी पाहिला आहे. तो वाईट ड्रायव्हर नव्हता. त्याला एकच भाषा येत होती.

माझ्याकडे गुण द्यायचं काम असतं, तर सगळ्यात जलद लॅप मी तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर ठेवला असता. आधी पाहिलं असतं पिटमधून, म्हणजे गाड्यांच्या दुरुस्तीच्या जागेतून, बाहेर पडल्यावरचं पहिलं वळण. थंड टायरवर पकड किती आहे याचा अंदाज कुणी सांगू शकत नाही. तो हातांना आणि बुडाला कळावा लागतो. मग कोऱ्या टायरचा पहिला वेगवान लॅप, कारण पात्रता फेरीत टायर आपलं उत्तम एक-दोन लॅपच देतं आणि ते हातचं गेलं की गेलं. मग लांब फेरी: पंधरा लॅपमध्ये वेळ किती घसरली, आणि घसरताना ड्रायव्हरने कुठे जुळवून घेतलं. आणि मग बोलणं. गाडीतून उतरल्यावर, स्क्रीन दाखवण्याआधी, तो काय सांगतो? “मागचा भाग सुटतोय” एवढं सगळेच सांगतात. कुठे सुटतोय? ब्रेक सोडताना, वळणाच्या मध्यावर की थ्रॉटल देताना? या तीन तक्रारींची दुरुस्ती तीन वेगळ्या ठिकाणी असते. आमचा तो अकरावा मुलगा हेल्मेट काढायच्या आत हे सांगायचा आणि मी आलेख उघडला की तंतोतंत तेच दिसायचं. असं वागणं गुणतक्त्यात येत नाही. ते परीक्षकाने शेजारी उभं राहून ऐकावं लागतं. म्हणूनच परीक्षकांत गाडी चालवलेली माणसं हवीत. या पुरस्काराचं परीक्षक मंडळ बरीच वर्षं माजी फॉर्म्युला वन ड्रायव्हर डेरेक वॉरविक यांच्या अध्यक्षतेखाली होतं, ते मला योग्यच वाटतं.

सिल्व्हरस्टोनबद्दल एक सांगायलाच हवं. ही जागा मुळात दुसऱ्या महायुद्धातला विमानतळ. सगळं सपाट, आडोसा नाही, वारा मोकाट. सकाळी कॉप्स या वेगवान वळणावर समोरून येणारा वारा गाडीला रस्त्यावर दाबतो, दुपारी तोच पाठीमागून आला की त्याच वळणावर, त्याच वेगाला, पकड कमी मिळते. ढग सरला की डांबर तापतं, आणि कुणी आधी गेलं, कुणी नंतर, यानेही दशांश इकडेतिकडे होतात. त्यामुळे सारखी गाडी दिली म्हणजे सारखी परीक्षा झाली, असं समजणारा परीक्षक फसेल. नुसत्या वेळा छापून निकाल लावता येत नाही आणि लावूही नये. हे मी ठासून सांगते, कारण याच्या उलट प्रकार मी स्वतः भोगला आहे. एका प्रायोजकाच्या निवडचाचणीला (नाव सांगत नाही) आमच्या संघातल्या मुलीला घेऊन गेलो होतो. तीन गाड्या होत्या, त्यातल्या एकीचं इंजिन उघडउघड मंद होतं. सरळ रस्त्यावरच्या वेगाचे आकडे मी आयोजकांना दाखवले. “सगळ्यांसाठी नियम एकच आहे,” असं म्हणत त्यांनी घड्याळातला आकडा लिहून घेतला आणि ती मुलगी बाद झाली. परतताना गाडीत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. त्या तुलनेत दोन दिवस, अनेक गाड्या, अनेक डोळे आणि सिम्युलेटर व शारीरिक क्षमतेच्या चाचण्या, हा फार मोठा फरक आहे.

आता निवडी किती बरोबर ठरल्या? 1998 चा विजेता जेन्सन बटन 2009 चा फॉर्म्युला वन जगज्जेता झाला. 2016 चा लँडो नॉरिस 2025 चा. 2014 मध्ये जॉर्ज रसेल निवडला गेला तेव्हा सोळा वर्षांचा होता, आणि त्या वयाच्या पोरावर विश्वास टाकायला छाती लागते. पण मला या यादीचं मोल फॉर्म्युला वनबाहेर जास्त दिसतं. 1992 चा डारिओ फ्रँकिटी तीनदा इंडियानापोलिस 500 ही अमेरिकेतली मोठी शर्यत जिंकला आणि चारदा इंडीकार या अमेरिकी मालिकेचा विजेता झाला. 2011 चा ऑलिव्हर रोलंड आणि 2012 चा जेक डेनिस, लागोपाठचे दोघे, पुढे फॉर्म्युला ई या विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मालिकेचे जगज्जेते झाले. त्या दोघांना निवडताना फॉर्म्युला ई ही मालिकाच अस्तित्वात नव्हती. कुठल्याही गाडीत जमवून घेणारा ड्रायव्हर शोधला तर काय हाती लागतं, ते इथे दिसतं. लुईस हॅमिल्टनचं नाव यादीत नाही, असं लोक दरवेळी काढतात. तो मॅक्लारेनच्या पंखाखाली किशोरवयातच गेला होता. त्याला वाट दाखवायची गरज उरली नव्हती.

एका निवडीवर मी आजही विचार करते. 2017 चा विजेता डॅन टिक्टम. 2015 मध्ये सिल्व्हरस्टोनच्याच शर्यतीत सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू, रांगेत ठेवणारी गाडी) असताना, पुढे जायची मनाई असूनही, तो अनेक गाड्यांना मागे टाकत पुढे गेला आणि ज्याच्यावर राग होता त्याच्या गाडीवर जाऊन आदळला. त्याला दोन वर्षांची बंदी झाली, त्यातलं दुसरं वर्ष स्थगित ठेवलं गेलं. शिक्षा भोगून तो परतला, 2017 मध्ये मकाऊची मोठी शर्यत जिंकला आणि हा पुरस्कारही. मी त्या निवडीच्या बाजूने आहे. सोळाव्या वर्षीच्या भयंकर चुकीची शिक्षा झाली, ती पूर्ण झाली, आणि त्यानंतर त्याचा वेग तोच राहिला. पण स्वभावाला गुण असावेत का, याचं उत्तर मला सोपं वाटत नाही. सेफ्टी कारमागे रांगेत असलेल्या पोरांच्या आयांचे चेहरे मी पिटमध्ये पाहिलेले आहेत.

आता उणी बाजू, आणि ती मोठी आहे. दोन लाख पौंड ऐकायला डोळे दिपतात. फॉर्म्युला वनच्या दोन पायऱ्या खालच्या फॉर्म्युला थ्रीचा एकच हंगाम दहा लाख युरोंच्या वर जातो. म्हणजे बक्षिसाने हंगामातल्या काही शर्यतीच भागतात, उरलेलं ज्याचं त्याने आणायचं. 2010 चा विजेता लुईस विल्यमसन रेड बुलच्या ज्युनियर संघात गेला आणि 2012 च्या हंगामाच्या मध्यावर त्याला वगळण्यात आलं. त्याच्या जागेवर अंतोनियो फेलिक्स दा कोस्टा हा दुसरा ड्रायव्हर आला. पुरस्कार दार उघडतो, आत टिकवून धरायला त्याच्या हातात काही नसतं. शिवाय चौघांत येण्याआधीच कार्टिंग आणि एफ-फोरची लाखोंची पायरी चढावी लागते. आमचा अकरावा तिथवर पोचलाच नाही, मग परीक्षक कितीही शहाणे असोत. आणि 1989 पासून 2024 पर्यंतच्या विजेत्यांत एकही मुलगी नाही. निवडचाचणीतून परतताना गप्प बसलेली ती मुलगी आठवली की हे मला टोचतं. परीक्षक भेदभाव करतात असं मी म्हणत नाही. पण ज्या नळीतून चार जणं खाली येतात, ती वरच्या टोकाला फार अरुंद आहे.

पाचपैकी चार गुण देईन. पारखण्याच्या पद्धतीला पाच, बक्षिसाच्या रकमेला तीन.

पालकांना एक सांगते. मुलाच्या ट्रॉफ्या मोजत बसू नका. हंगाम संपला की इंजिनिअरकडून लांब फेऱ्यांचे कागद मागून घ्या, जुन्या टायरवरचे, आणि त्याला दुसऱ्या जातीची कुठलीही गाडी दोन दिवस चालवायला द्या. पहिल्या सकाळचा आलेख आणि दुसऱ्या संध्याकाळचा आलेख शेजारी ठेवा. त्यात फरक दिसला तर त्याचं नाव कुणाच्या तरी कानावर घालायला मी स्वतः येईन.