बेल्जियन धाटणीची व्हीट बिअर: सात महिन्यांनंतर

एका क्राफ्ट ब्रुअरीची ही व्हीट बिअर एप्रिलच्या उन्हापासून ऑक्टोबरपर्यंत, बेळगाव आणि खानापुरातल्या वेगवेगळ्या दुकानांतून घेऊन चाखली. 330 मिलीची बाटली, अल्कोहोल 4.8 टक्के. आधी निकाल सांगतो: बिअर चांगली आहे, पण तारीख न बघता घेतली तर पैसे पाण्यात.

बेल्जियममध्ये या प्रकाराला 'विटबिअर' म्हणतात. होगार्डन गावातली शेवटची ब्रुअरी 1957 मध्ये बंद पडली. 1966 मध्ये तिथलेच एक दूधवाले, पिएर सेलिस, यांनी ती परंपरा पुन्हा उभी केली. जर्मन व्हीट बिअरमध्ये गव्हाचा माल्ट (मोड आणून वाळवलेला गहू) असतो, हिच्यात एकूण धान्याच्या साधारण निम्मा कच्चाच गहू, मोड न आणलेला. त्यामुळेच ती ताकासारखी धुरकट दिसते आणि जिभेवर मऊ लागते. (आपल्याकडची खपली इथे वापरत नाहीत, मऊ पांढरा गहू लागतो.) वर कुटलेले धने आणि कडू संत्र्याची वाळवलेली साल.

धन्यांचं प्रमाण हा खरा कस. वीस लिटरला 10 ते 20 ग्रॅम, तेही उकळीच्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत. जास्त पडले की साबणासारखी चव येते. आपले लांबट देशी धने लिंबाच्या अंगाने जातात, ते इथे छान बसलेत. मागून येणारी हलकी लवंग मात्र कोणी घातलेली नसते, ती यीस्टची करणी. जूनच्या एका बॅचला चिकटपट्टीसारखा औषधी वास होता. अशा वासामागे बहुतेकदा पाण्यातलं क्लोरीन असतं. त्या बॅचच्या तिन्ही बाटल्या सारख्याच निघाल्या, म्हणजे दोष दुकानाचा नव्हे.

बाकी बहुतेक दोष मात्र दुकानाचेच. सहा आठवड्यांची आणि पाच महिन्यांची बाटली शेजारी शेजारी ओतून पाहिली. ताजी फिकट पिवळी, नाकाशी धरताच धने आणि सालीचा झणका. जुनीचा रंग एक छटा गडद, धने गायब, संत्र्याचं गोडसर सरबत झालेलं आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याची चव. लेबलवर मुदत सहा महिन्यांची असली तरी तीन महिन्यांच्या आतलीच घ्यावी. पावसाळ्यात खानापूरकडे वीज तासन्‌तास जाते, दुकानातला फ्रिज गरम होतो, पुन्हा गार होतो. तिथे तर दोन महिनेही जास्त. उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली मांडलेली बाटली नकोच. प्रकाशाने हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) कुबट वास सुटतो. तपकिरी काच बरंच वाचवते, हिरवी फारसं नाही.

ओतताना घाई नको. फ्रिजमधून काढून आठ-दहा मिनिटं बाहेर ठेवा. बर्फगार बिअरमध्ये धने कळतच नाहीत. ग्लास तिरका धरून दोन तृतीयांश ओतायची, मग उरलेली बाटली हातातच गोल फिरवून तळाचा गाळ उठवायचा आणि तो वरून सोडायचा. गाळ टाकून दिला तर अर्धी चव टाकली. फ्रीझरमधला ग्लास घेऊ नका, बर्फाच्या कणांवर फेस उसळून सांडतो. लिंबाची फोडही नको: तिच्या सालीच्या तेलाने फेस बसतो आणि आंबटपणाखाली बाकी सगळं दबतं.

फेस दोन मिनिटांत बसत असेल तर आधी ग्लास तपासा, बिअरला शिव्या नंतर. ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरवा. जिथे मीठ चिकटत नाही तिथे तेलाचा किंवा साबणाचा थर आहे. मटणाची भांडी घासलेल्या स्पंजाने ग्लास धुतला की हे हमखास होतं.

खाण्याबरोबर? तळलेला बांगडा किंवा कोळंबी उत्तम, मिरची भजी चालतील. झणझणीत तांबड्या रश्श्यापुढे ही नाजूक बिअर पाण्यासारखी लागते. आणि कुंदा तर अजिबात नको, त्या भाजक्या गोडव्यानंतर हिचा घोट नुसता आंबट लागतो.

घरी बाटली उभीच ठेवा, फ्रिजच्या दारात नव्हे, मागच्या बाजूला. आडवी ठेवली तर गाळ कडेला चिकटून बसतो आणि कितीही फिरवली तरी सुटत नाही.