टेबलासाठी लाकूड: पाण्याखालचं की पाडकामाचं?

जुनंच लाकूड वापरायचं हे ठरलं, की प्रश्न उरतो तो एवढाच: पाण्यातून काढलेले ओंडके घ्यावेत की पाडलेल्या इमारतीच्या तुळया? मी दोन्हींतून टेबलं केली आहेत.

तुळयांची बाजू भक्कम आहे. छपराखाली वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड. आणलं की फार न थांबता कापायला घेता येतं. ओंडक्याचं तसं नाही. वाळवण्याची घाई केली तर टोकांपासून भेगा जातात. टोकांना मेण, फळ्यांमध्ये पट्ट्या, सावलीत थप्पी, मग भट्टी. ओलावा ८ ते १२ टक्क्यांवर येईपर्यंत धीर धरायचा.

तरीही माझं मन फिरवलं ते खिळ्यांनी. मेटल डिटेक्टर फिरवा, दिसतील तेवढे उपटा. आत तुटून राहिलेलं एखादं टोक रंध्याच्या पात्याला गाठतंच. पातं काढायचं, धार लावायची, पुन्हा बसवायचं, आणि पुढच्या फळीत तेच. कामाची लय लागतच नाही. ओकसारख्या टॅनिनवाल्या (टॅनिन म्हणजे लाकडातलं तुरट द्रव्य) लाकडात लोखंडाभोवती काळा डागही मुरलेला असतो. ऑक्झॅलिक ॲसिडने तो फिकटतो, भोक मात्र राहतं. काहींना ते आवडतं, त्यांच्याशी माझा वाद नाही.

ओंडक्यातही वाळू अडकलेली असते आणि ती धार घालवते. पण ती बहुतेक वरवर असते, घासून धुता येते. वाळवण्यात महिने जातात हे खरं, पण त्या काळात दुसरं काम करता येतं. खिळा मात्र हातातलंच काम थांबवतो.

आणि लाकूड काय निघतं! थंड, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात कुजवणाऱ्या बुरशीचं फारसं चालत नाही. म्हणून उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरात १९व्या शतकात बुडालेले ओंडकेही फर्निचरजोगे निघाले. सावकाश वाढलेल्या झाडांची दाट वर्तुळं त्यांत दिसतात. घानात १९६५ साली पूर्ण झालेल्या अकोसोम्बो धरणामुळे तर व्होल्टा तलावात जंगल उभंच बुडालं. एक सांभाळा: पाण्यातले जीवाणू बाहेरच्या मऊ थरातले सूक्ष्म पडदे खातात, त्यामुळे पॉलिश कुठे जास्त, कुठे कमी मुरतं. पहिला हात पातळ द्या.

वाळवायला जागा नसेल, किंवा टेबल लवकर हवं असेल, तर तुळया घेणंच कदाचित शहाणपणाचं. रुंद, सलग पृष्ठभाग हवा असेल तर मी ओंडक्याकडे वळेन. फक्त विकणाऱ्याला पाणी गोडं होतं की खारं हे आधी विचारा. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे जीव असतात, शिवाय मुरलेलं मीठ पुढे स्क्रू गंजवतं.