एफडी, बँक गॅरंटी की शुअरिटी बॉण्ड? सोलापूरच्या ठेकेदारासाठी तुलनात्मक आढावा

समजा मोहोळ तालुक्यात शाळाखोल्यांचं एक कोटीचं काम निघालं. तुम्ही वीस टक्के बिलो टाकलं, म्हणजे अंदाजित रकमेपेक्षा वीस टक्के कमी दर दिला, आणि एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचे आलात. पेढे वाटण्याआधी कागद-पेन घ्या. राज्य शासनाच्या कामांच्या निविदेत अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं सूत्र सहसा असं असतं: दहा टक्क्यांपर्यंत बिलो असेल तर निविदा रकमेच्या 1 टक्का, दहाच्या पुढे पंधरापर्यंत प्रत्येक टक्क्याला आणखी 1 टक्का, आणि पंधराच्या पुढे प्रत्येक टक्क्याला 2 टक्के. वीस टक्के बिलोला 1 अधिक 5 अधिक 10, म्हणजे 16 टक्के. झाले सोळा लाख. शिवाय नेहमीची सुरक्षा अनामत असतेच. बऱ्याच निविदांत ती 4 टक्के असते, निम्मी करारावेळी आणि निम्मी चालू देयकांतून कापून. म्हणजे ऐंशी लाखांचं काम मिळवायला पहिला मुरूम पडण्याआधीच अठरा लाखांची सोय करायची.

ती सोय तीन मार्गांनी होते: मुदत ठेवीची पावती गहाण टाकून, बँक गॅरंटी देऊन, किंवा 2022 पासून विमा कंपनीचा शुअरिटी बॉण्ड, म्हणजे बँकेऐवजी विमा कंपनीने दिलेली हमी, देऊन. तिसऱ्याबद्दल हल्ली एजंट फोन करून विचारतात, "साहेब, मार्जिन नाही, तारण नाही, घेता का?" घ्यायचा की नाही, हे तुमचं काम कोणाचं आहे आणि बँकेतली तुमची गॅरंटीची लिमिट कुठवर भरली आहे यावर ठरतं. प्रीमियमचा दर त्यानंतर बघायचा.

एफडी: सरळ, पण पैसा अडकतो

जिल्हा परिषदेची आणि बांधकाम खात्याची छोटी कामं करणारे बहुतेक जण एफडीआर, म्हणजे मुदत ठेवीची पावतीच देतात. ताळेबंद कोणी मागत नाही, व्याज तुमचंच राहतं आणि पावती एका दिवसात मिळते. भानगड दोन ठिकाणी होते. एक, बँक. आपल्या गावात सहकारी बँका पुष्कळ आणि ठेकेदाराचं खातंही बहुधा तिथंच, पण निविदेत राष्ट्रीयीकृत किंवा शेड्युल्ड बँक लिहिलेलं असेल तर ती पावती परत येते. दोन, नाव. "कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग" आणि "कार्यकारी अभियंता, बांधकाम विभाग, जिल्हा परिषद" ही वेगवेगळी कार्यालयं आहेत. बँकेतल्या पोराने गडबडीत एकाच्या जागी दुसरं टाइप केलं की लेखा शाखा पावती परत करते, आणि तोवर मुदत संपत येते.

आणखी एक गोष्ट फार कमी जण बघतात. दोष दायित्वाचा काळ (काम झाल्यावर निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करायचा काळ) तीन वर्षांचा आणि एफडी एका वर्षाची, ऑटो-रिन्यूअलची खूण केलेली नाही. मुदत संपलेल्या आणि कोणी न मागितलेल्या ठेवीवर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यातला जो कमी तोच मिळतो. रिझर्व्ह बँकेने हे 2021 मध्येच सांगितलंय. पावती खात्याच्या कपाटात, तारीख उलटलेली, आणि तुम्ही समजता की व्याज चढतंय.

बँक गॅरंटी: कमिशनपेक्षा लिमिटकडे बघा

बँक गॅरंटीत पूर्ण रक्कम अडकत नाही. मार्जिन म्हणून दहा ते पंचवीस टक्के ठेवायचे, उरलेल्यासाठी बँकेकडे मालमत्ता तारण असते, आणि वर वार्षिक कमिशन अधिक 18 टक्के जीएसटी. बँकेने लिमिट मंजूर केलेली नसेल तर ती शंभर टक्के मार्जिन मागते. मग ती एफडीच झाली, वर कमिशनचा भुर्दंड.

कमिशन बहुतेक ठिकाणी दोन टक्क्यांच्या आसपास असतं आणि घासाघीस करून थोडं उतरतं. ठेकेदार सगळा वेळ तिथेच घालवतात. प्रत्यक्षात पैसा जातो तो तारखांमध्ये. गॅरंटीवर दोन तारखा असतात: गॅरंटी कधीपर्यंत चालू आहे आणि दावा कधीपर्यंत करता येईल. कंत्राट कायदा 1872 च्या कलम 28 मध्ये 2013 पासून जो अपवाद आला, त्याचा हवाला देऊन कित्येक बँका दाव्याची मुदत किमान बारा महिने मागतात आणि त्या बारा महिन्यांचंही कमिशन लावतात. 2021 मध्ये लार्सन अँड टुब्रो विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा अपवाद दाव्याच्या मुदतीबद्दल नाही. तो दावा नाकारल्यावर कोर्टात जाण्याच्या मुदतीबद्दल आहे. म्हणजे निविदेत बारा महिने मागितलेले नसतील तर बँकेशी बोलायला जागा आहे. मॅनेजर लगेच ऐकेल असं नाही, पण निकालाची प्रत पुढे ठेवली की विषय निदान वरच्या ऑफिसकडे जातो.

दुसरी गळती मुदतवाढीची. काम लांबलं, देयक रखडलं, की गॅरंटी वाढवावी लागते आणि प्रत्येक वाढीला कमिशन पडतं. थकीत देयकांसाठी राज्यभरातले ठेकेदार 2025 मध्ये रस्त्यावर उतरले होते, त्यामुळे हा खर्च कागदावरचा समजू नका. बिल शासनाकडे अडकलंय, आणि गॅरंटी चालू ठेवायचा खर्च तुम्ही भरताय. निविदा भरताना मूळ मुदतीवर सहा महिने धरूनच कमिशन काढावं, हे माझं ठाम मत.

शुअरिटी बॉण्ड: नेमकं काय आहे

विमा नियामक इर्डाने 3 जानेवारी 2022 ला मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात सरकारी खरेदीत बँक गॅरंटीच्या जागी असे बॉण्ड चालतील असं जाहीर झालं आणि केंद्राच्या वित्तीय नियमांत त्यांचं नाव आलं. डिसेंबर 2022 मध्ये पुण्याच्या बजाज अलियान्झचं पहिलं उत्पादन नितीन गडकरींच्या हस्ते बाजारात आलं. सुरुवातीला बॉण्ड कंत्राटाच्या 30 टक्क्यांपर्यंतच देता येत असे. ती अट 2023 मध्ये गेली. आज असे बॉण्ड घेणाऱ्यांत राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण मोठं आहे. 2025 च्या मध्यापर्यंत त्यांच्याकडे आलेल्या बॉण्डची रक्कम दहा हजार कोटींच्या पुढे गेली होती.

व्यवहार तिघांत असतो: तुम्ही, खातं आणि विमा कंपनी. तुम्ही काम सोडलं किंवा अटी मोडल्या तर कंपनी खात्याला पैसे देते. आणि मग ते तुमच्याकडून वसूल करते. हा शेवटचा भाग एजंट हळू आवाजात सांगतो. विमा कंपनीचं नाव बघून पुष्कळांना वाटतं, अपघात विम्यासारखं नुकसान कंपनीवर गेलं. तसं नाही. जामीनदाराने भरलेले पैसे मूळ ऋणकोने परत द्यायचे, हे कंत्राट कायद्याच्या कलम 145 मध्ये आहे, आणि त्याशिवाय कंपनी मालकांकडून, भागीदारांकडून वैयक्तिक हमीपत्र लिहून घेतेच. संरक्षण मिळतं ते काम देणाऱ्या खात्याला. तुमच्या साइटवर स्लॅब कोसळला तर त्यासाठी कॉन्ट्रॅक्टर ऑल रिस्क पॉलिसी वेगळी, आणि राज्याच्या कामांत ती शासकीय विमा निधीतून काढायची असते. दोन्हींची गल्लत करू नका.

कंपनी बघते काय? तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, हातातल्या कामांची यादी, पूर्ण केलेल्या कामांचे दाखले, जीएसटी विवरणं, बँक स्टेटमेंट, मोठ्या रकमेला क्रेडिट रेटिंग. इथेच आपल्याकडच्या लहान ठेकेदाराची गाडी अडते. उलाढाल चांगली, पण ताळेबंदात भांडवल दिसत नाही, निम्मा धंदा भावाच्या फर्मवर, मशिनरी बायकोच्या नावावर. बँक मॅनेजर तुम्हाला वीस वर्षं ओळखतो, त्याला जुळे सोलापूरचा प्लॉट दिसतो. विमा कंपनीचा अंडररायटर (जोखीम तपासणारा अधिकारी) मुंबई-पुण्यात बसून फक्त कागद वाचतो. कागद कच्चे असतील तर तो बॉण्ड नाकारतो किंवा तोही एफडी मागतो. एफडी मागितली की बॉण्डचा मुद्दाच संपला.

तिन्हींचा हिशोब शेजारी शेजारी

आकडे उदाहरणादाखल घेऊ. तुमचा दर तुम्ही घाला. रक्कम सोळा लाख, मुदत एक वर्ष. एफडीवर 6.5 टक्के मिळतात, सीसीचा, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाचा पैसा 10.5 टक्क्यांनी पडतो, म्हणजे अडकलेल्या पैशाची किंमत 4 टक्के.

एफडी दिली तर वर्षाला 64,000 रुपये. बँक गॅरंटीला वीस टक्के मार्जिन धरलं तर 3 लाख 20 हजारांवर 12,800 आणि दोन टक्के कमिशनचे 32,000, मिळून 44,800. शुअरिटी बॉण्डला अडीच टक्के प्रीमियम धरला तर 40,000. गॅरंटी आणि बॉण्ड दोन्हींवर 18 टक्के जीएसटी लागतो, पण तुम्ही कामावर जीएसटी भरत असाल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो बाजूला ठेवला.

गॅरंटी आणि बॉण्ड यांच्यात 4,800 रुपयांचा फरक निघाला. एवढ्यासाठी विमा कंपनीची फाइल तयार करायला सीए जे घेईल त्यात तो संपेल. आणि सीसी न वापरता स्वतःचे पैसे पडून असतील, तर एफडीचा खर्च जवळजवळ शून्य आहे. अशा माणसाने एफडीच द्यावी.

बॉण्ड कामाला येतो तो वेगळ्या ठिकाणी. समजा, प्लॉटवर बँकेने पन्नास लाखांची गॅरंटी लिमिट दिली आहे, त्यातले चाळीस लाख तीन जुन्या कामांच्या दोष दायित्वात अडकलेत. नव्या निविदेला तीस लाखांची गॅरंटी हवी. बँक म्हणते, दुसरं तारण आणा. इथे बॉण्ड म्हणजे दुसरी लिमिट, तीही तारणाशिवाय. मग अडीचच्या जागी तीन टक्के पडले तरी घ्यावा. फक्त पुढच्या नूतनीकरणाला बँक हे दायित्व मोजेल, ते लपवू नका.

प्रीमियम बहुधा पूर्ण मुदतीचा एकरकमी जातो, गॅरंटीचं कमिशन काही बँका तिमाहीने घेतात. तीन वर्षांच्या मुदतीत हा फरक रोखीला जाणवतो.

इंटरनेटवर "बॉण्डचा खर्च कंत्राटाच्या एक ते तीन टक्के" असं वाचाल. ते अमेरिकेचं आहे. तिथल्या 1935 च्या मिलर कायद्यानुसार केंद्र सरकारच्या ठरावीक रकमेच्या वरच्या बांधकामांना कामगिरीचा बॉण्ड लागतो आणि मजूर-पुरवठादारांच्या पैशांसाठी दुसराही. तिथे बॉण्ड सहसा पूर्ण कंत्राट रकमेचा असतो, म्हणून प्रीमियम कंत्राटावर मोजतात. आपल्याकडे हमी कंत्राटाच्या काही टक्क्यांचीच असते, केंद्राच्या नियमांत कामगिरी हमी तीन ते पाच टक्के, आणि प्रीमियम त्या हमीच्या रकमेवर. तो पुरवठादारांचा बॉण्ड मात्र इथे आला तर अक्कलकोट रोडचे सिमेंट-सळीवाले नारळ फोडतील.

कोणी काय घ्यावं

जिल्हा परिषद, महापालिका, बांधकाम खात्याची पन्नास-साठ लाखांपर्यंतची कामं: एफडी किंवा गॅरंटी. निविदेतलं अनामतीचं कलम उघडा. त्यात "इन्शुरन्स शुअरिटी बॉण्ड" हे शब्द लिहिलेले नसतील तर बॉण्डचा विचार सोडा. बैठकीत तोंडी "चालेल" म्हणणारा माणूस तुमची निविदा तपासणारा नसतो. मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांच्या वाट्याच्या कामांत अनामतीच्या सवलती वेगळ्या असतात, त्या आधी बघा. उद्यम नोंदणी असली म्हणजे बांधकामाच्या निविदेत इएमडी (निविदेसोबत भरायची बयाणा रक्कम) माफ होते, हा समज मात्र चुकीचा आहे. ती सवलत वस्तू आणि सेवांच्या खरेदीसाठी आहे.

महामार्गाची किंवा केंद्राच्या खात्यांची कामं, लिमिट भरलेली, ताळेबंद स्वच्छ: बॉण्डचं कोटेशन दोन-तीन कंपन्यांकडून घ्या. सगळ्यांना एकच विचारा, मार्जिन किंवा एफडी मागणार का, ते लेखी द्या. आणि बॉण्डचा मसुदा निविदेतल्या नमुन्याशी शब्दागणिक जुळतो का, ते स्वतः बघा.

मोठ्या कंपनीखाली पोटठेकेदार असाल तर ते बहुधा तुमच्याकडून कोरा चेक मागतात. त्याऐवजी बिलातून पाच-दहा टक्के राखून ठेवायला सांगा. चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 चा फौजदारी खटला होतो. राखलेल्या पैशात तसलं काही नसतं.

आणि बिलोचं काय? त्या एक कोटीच्या कामाला वीसऐवजी चौदा टक्के बिलो टाकलं तर अतिरिक्त ठेव सोळा लाखांवरून पाच लाखांवर येते आणि कामाचे सहा लाख जास्त मिळतात. काम हातचं जाईल, हे मान्य. पण कुठलाही बॉण्ड एवढे पैसे वाचवत नाही.

विमा कंपनीकडे जायचंच असेल तर निविदा निघण्याआधी जा. एल-वन आल्यावर ठेव भरायला हातात थोडेच दिवस असतात आणि पहिल्यांदा फाइल तपासायला कंपनी त्याहून जास्त घेते. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकली की मार्चअखेरच्या निविदांची झुंबड सुरू होते. म्हणून लेखापरीक्षण झालं की ऑक्टोबर-नोव्हेंबरातच कागद देऊन आपली मर्यादा ठरवून घ्यावी, तेव्हा सीएकडेही वेळ असतो.