‘मुंबई, १९३४’ छापलेलं पेसाहचं पोस्टर कुणी विकायला आणलं तर सावध राहा

सध्या आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू मंडळींच्या गटांमध्ये एका जुन्या पोस्टरचा फोटो फिरतोय. वर हिब्रूत ‘हाग पेसाह’ (वल्हांडणाचा सण), मधोमध साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मत्झा, म्हणजे सणाची बेखमीर भाकरी करताहेत, खाली मराठीत सणाचा मजकूर आणि अगदी तळाशी ‘मुंबई, १९३४’. कापडावर चिकटवलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. हे पोस्टर बनावट आहे. मी ते विकत घेतलं, जाणकारांकडून तपासून घेतलं, आणि विकणारा तेच पोस्टर अजून इतरांना दाखवतोय म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी इस्रायलमध्ये लोदला राहते, माझं लहानपण पनवेलचं. आमच्याकडे तू बिश्वात, झाडांचा सण, म्हणजे मलिद्याचं ताट, एलियाहू हन्नबीचं (एलिया संदेष्ट्याचं) नाव आणि जमलंच तर अलिबागजवळच्या खंडाळ्याला जाणं. इथे आल्यावर त्याच सणाची जुनी पोस्टरं पाहिली: हातात रोप घेतलेली मुलं, खांद्यावर कुदळी, मागे उघडेबोडके डोंगर. १८९० साली झिखरोन याकोवच्या शाळेतले शिक्षक झेव यावेत्झ मुलांना या दिवशी झाडं लावायला घेऊन गेले आणि पुढे केरेन कायेमेतने, म्हणजे ज्यू राष्ट्रीय निधीने, तो प्रघात देशभर नेला. तिथी एकच, पण कोकणात तिचं रूप एक आणि इथे दुसरं. ही पोस्टरं जमवायला लागले ती त्या ओढीने.

केरेन कायेमेतची स्थापना १९०१ सालची. तिने तू बिश्वात आणि शावुओतची (सप्ताहांच्या सणाची) पोस्टरं शाळांसाठी काढली. तेल अवीवमध्ये पुरीम या सोंगांच्या सणाची मिरवणूक निघायची, १९३२ पासून तिला अदलोयादा म्हणू लागले, तिची पोस्टरं वेगळी. इस्रायलचं राज्य स्थापन झाल्यावर त्यात स्वातंत्र्यदिनाच्या पोस्टरांची भर पडली. काढणारे हात मोठे होते. ओटे वॉलिश यांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची गुंडाळी आणि १९४८ ची पहिली टपाल तिकिटं केली, गॅब्रिएल आणि मॅक्सिम या शामीर बंधूंनी राष्ट्रचिन्ह केलं, आणि हेच लोक पोस्टरंही काढत होते. ही पोस्टरं शाळेच्या भिंतीवर, किबुत्झच्या (सामूहिक वस्तीच्या) जेवणघरात लागायची आणि सण सरला की फाडून टाकली जायची. जपून ठेवायची वस्तू म्हणून ती कुणी छापलीच नव्हती. त्यामुळे खरी प्रत मिळणं अवघड, आणि बनावट माल खपवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

हा विकणारा मला एका मराठी व्हॉट्सॲप गटावर भेटला. मोडकंतोडकं मराठी बोलायचा. आई रेवदंड्याची, आपण इथेच जन्मलो, उत्तरेकडच्या किबुत्झांची जुनी गोदामं रिकामी होतात तिथून कागद उचलतो, असं सांगायचा. पहिलं पोस्टर त्याने मला अस्सल दिलं. साठच्या दशकातलं स्वातंत्र्यदिनाचं, घड्यांवर झिजलेलं, बाजारभावापेक्षा थोडं स्वस्त. ही पोस्टरं फार दुर्मिळ नाहीत, त्यामुळे त्यात त्याचं नुकसान नव्हतं. पण ते तपासलं, खरं निघालं, आणि त्या एका खऱ्या वस्तूवर पुढचे दोन व्यवहार उभे राहिले. आता इतरांशी बोलल्यावर कळलं की सगळ्यांना त्याने पहिली वस्तू खरीच दिली होती.

दुसरं होतं तू बिश्वातचं, ‘तीसच्या दशकातलं’, २,२०० शेकेल. तिसरं पेसाहचं, ४,५०० शेकेल. हे तिसरं त्याने विकायला आणलंच नाही. फक्त फोटो पाठवला आणि लिहिलं, “ताई, हे मराठीच आहे ना? मला धड वाचता येत नाही. आईच्या मामाच्या पेटीत मिळालं.” मी वाचून दाखवलं. मग म्हणाला की अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाने मागितलंय, पण आपल्या माणसाकडे राहिलं तर आईला बरं वाटेल. ज्या माणसाला मजकूर वाचून दाखवला त्याच्याशी भाव करायला जीव होत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शिवाय अशी वस्तू असू शकते, हेही खरं आहे. १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हगादा (पेसाहच्या रात्री वाचायच्या पोथ्या) छापल्या गेल्या. मुंबई-पुण्यात शिळाछापावर रंगीत देवादिकांची चित्रं छापणारे छापखाने होते. तेव्हा तीसच्या दशकात आपल्या कुणा मंडळाने पेसाहचं पोस्टर काढलं असेल, यात अशक्य काही नाही. बनवणाऱ्याने आपल्या समाजाचा चांगला अभ्यास केला आहे. जे असायला हवं होतं पण कुणी पाहिलेलं नाही, नेमकं तेच त्याने घडवलं.

दोन्ही पोस्टरं मी चौकटी करायला याफोच्या एका जुन्या कारागिराकडे नेली. त्याने आधी भिंग लावलं. जुन्या शिळाछापात प्रत्येक रंग वेगळ्या दगडावरून किंवा पत्र्यावरून येतो, त्यामुळे रंग सपाट बसतो, नाहीतर हाताने दिलेले वेडेवाकडे ठिपके दिसतात. माझ्या तू बिश्वातच्या पोस्टरवर आकाशाचा निळा भिंगाखाली फुटला आणि निळे, गुलाबी, पिवळे, काळे बारीक तुषार दिसले. ही घरगुती किंवा दुकानातल्या शाईफवाऱ्याच्या प्रिंटरची खूण. ऑफसेटवरचं पुनर्मुद्रण असतं तर ठिपके ओळीने, फुलासारख्या गोल रचनेत दिसले असते. दहापट मोठं दाखवणारं भिंग स्वस्तात मिळतं, आणि ही तपासणी विकणाऱ्यासमोर उभ्या उभ्या करता येते.

मग त्याने दिवे मालवून जंबुपार (यूव्ही) किरणांचा छोटा दिवा धरला. कागद पांढरट निळा चमकला. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमकद्रव्यं साधारण १९५० नंतर कागदात येऊ लागली. तीसच्या दशकातला कागद असा चमकायला नको. हा पुरावा एकट्याने पुरेसा नाही, कारण डागडुजी करताना लावलेली खळ किंवा नंतर झालेली धुलाईसुद्धा चमकू शकते. म्हणून पोस्टरचा जो भाग दुरुस्त झालेला नाही तिथे पाहायचं असतं.

आणि कापड. जुनी पोस्टरं कापडावर चिकटवणं हा जतनाचा मान्य मार्ग आहे, संग्रहालयंही ते करतात. पण त्याने कागदाची पाठ झाकली जाते. पाठीवर शाई कुठे झिरपली, कागद कसा काळवंडला, जुन्या चिकटपट्टीचे डाग कुठे आहेत, हे सगळं तिथेच दिसतं. त्याची दोन्ही महाग पोस्टरं कापडावर होती, स्वस्त आणि खरं होतं ते मात्र सुटं.

तू बिश्वातच्या पोस्टरचा निकाल लागला तो मात्र वेगळ्याच गोष्टीवरून, आणि इथे मला सर्वांनी थांबून वाचावंसं वाटतं. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आणि केंद्रीय झायोनिस्ट अभिलेखागाराने जुनी पोस्टरं मोठ्या प्रमाणावर जपली आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांची चित्रं कुणालाही घरबसल्या पाहता येतात. अशाच एका सार्वजनिक संग्रहातली प्रत मी पडद्यावर मोठी करून माझ्या प्रतीशेजारी धरली. चित्र तेच असणार, ते ठीकच. पण डाव्या खालच्या कोपऱ्यातली त्रिकोणी फाट तीच. वरच्या टाचणीचा गंजाचा डाग तोच, त्याच जागी, त्याच आकाराचा. आडव्या घडीवर उडालेला रंगही तोच. दोन वेगळ्या भिंतींवर लागलेली दोन पोस्टरं एकाच जागी, एकाच आकारात फाटत नाहीत. बोट फिरवलं तर फाट सपाट लागली. फाट छापलेली होती. संग्रहातल्या प्रतीवर उजवीकडे शिक्का आहे, माझ्या प्रतीवर त्या जागी रंग पुसट करून शिक्का घालवलेला आहे. अभ्यासकांसाठी, लेकरांना दाखवण्यासाठी जे खुलं ठेवलं, तेच उचलून आपल्याच माणसांना विकायचं, याचा मला फार संताप आला आणि अजून येतो.

पेसाहच्या पोस्टरची जुळी प्रत कुठेच सापडणार नव्हती, कारण ते मुळात कधी छापलंच गेलं नव्हतं. मधलं चित्र १८७४ च्या पुण्याच्या हगादेतलं. साड्या नेसलेल्या बायका मत्झा करताहेत ते चित्र त्या हगादेमुळे प्रसिद्ध आहे, त्यात रंग भरले आहेत. ते सोडलं तर बाकीचं सगळं नव्याने रचलेलं, आणि ते पकडायला भिंग लागत नाही, मराठी वाचता येणं पुरतं.

मजकूर असा आहे: ‘सर्वांनी सणाचे स्वागत आनंदाने करावे.’ १९३४ साली मुंबईत हे वाक्य असं छापलंच गेलं नसतं. तेव्हा ‘सर्वांनीं सणाचें स्वागत आनंदानें करावें’ असं लिहीत. अनुच्चारित अनुस्वार गेले ते मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी. आजीच्या पोथ्या, जुनी लग्नपत्रिका, जुनं वर्तमानपत्र काढून पाहा, डोक्यावर टिंबंच टिंबं दिसतील. या पोस्टरवर असं एकही टिंब नाही. शिवाय ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आहेत, संगणकात आयते मिळतात तसे, मुंबईच्या त्या काळच्या खिळ्यांतले नाहीत. कुणी म्हणेल, अक्षरं हाताने काढलेली असतील. मग दोन ‘स’ एकमेकांपेक्षा किंचित तरी वेगळे हवेत. इथे सगळे ‘स’ एकावर एक ठेवले तर तंतोतंत जुळतात.

तारखेचंही तसंच. पोस्टरवर पेसाहचा पहिला दिवस ‘सोमवार ता. २ एप्रिल १९३४’ असा दिला आहे. २ एप्रिलला सोमवार होता हे बरोबर. पण आपल्या हिब्रू पंचांगाच्या नियमाने पेसाहचा पहिला दिवस सोमवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी कधीच येत नाही. त्या वर्षी तो शनिवारी, ३१ मार्चला होता. सणाची तारीख चुकवून पोस्टर लावील असं एकही मंडळ मुंबईत नव्हतं. असंच पुरीमचं पोस्टर कुणी दाखवलं आणि त्यावर सोमवार, बुधवार किंवा शनिवार असेल, तर तिथेच थांबा. पुरीमही त्या वारांना येत नाही.

प्रत्येक नवी छपाई म्हणजे लबाडी नव्हे, हेही सांगायला हवं. फ्रान्झ क्राउझ यांचं १९३६ चं ‘व्हिझिट पॅलेस्टाईन’ हे पोस्टर १९९५ साली डेव्हिड टार्टाकोव्हर यांनी त्यांच्या संमतीने पुन्हा छापलं, आणि ते उघडपणे पुनर्मुद्रण म्हणूनच. तसं पोस्टर पुनर्मुद्रण म्हणून, त्या किमतीला घेणाऱ्याने खुशाल भिंतीवर लावावं. दुखतं ते पुनर्मुद्रणाला चहाच्या पाण्यात पिवळं करून आईच्या मामाच्या पेटीतलं म्हणून विकणं.

पैसे परत मागितले तेव्हा त्याचं मराठी संपलं. हिब्रूत एकच उत्तर आलं: मी दुकानदार नाही, घरातली वस्तू विकली, व्यवहार पूर्ण झाला. हे उत्तर विचार करून दिलेलं आहे. इथल्या ग्राहक कायद्यात फोनवरून किंवा इंटरनेटवरून घेतलेली वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत व्यवहार रद्द करता येतो, पण विकणारा धंदेवाईक असला तरच. घरचं सामान विकणाऱ्या खाजगी माणसाला ते लागू नाही. म्हणून तो पावती देत नाही, म्हणून प्रत्येकाला वेगळी पेटी आणि वेगळा नातेवाईक सांगतो. मी पोलिसांत तक्रार दिली आहे आणि छोट्या दाव्यांच्या कोर्टात दावा लावते आहे. तिथे वकील लागत नाही, आपणच उभं राहायचं असतं.

त्या दाव्यात सगळ्यात वजनाची गोष्ट ठरेल ती त्याने किती जणांना, काय, कोणत्या काळात विकलं ही. अश्दोद, दिमोना, बीरशेबा, ठाणे, मुंबई, जिथे कुठे त्याने काही विकलं असेल त्यांनी व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका, पैसे पाठवल्याची नोंद ठेवा, पोस्टर ज्या नळीत आलं ती नळी आणि तिच्यावरचा टपालाचा शिक्कासुद्धा ठेवा. कापड स्वतः सोलून काढू नका. कापडाखालची पाठ न्यायाधीशांसमोर किंवा तज्ज्ञासमोर पहिल्यांदा उघडली जाऊ दे. आणि ज्यांना त्याने अजून फक्त फोटो पाठवून “हे मराठीच आहे ना?” एवढंच विचारलंय, त्यांनी उत्तर न देता तो निरोप तारखेसकट जपून ठेवावा, तोही दाव्याला जोडता येईल.