तेवीस रेपो, एक आखाजी: फोर्जेयोवर आठ महिने काढल्यानंतर

गेल्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीत आम्ही आमचे सगळे तेवीस रेपो, म्हणजे प्रत्येक प्रकल्पाचा कोड आणि त्याचा इतिहास ठेवायच्या जागा, जुन्या होस्टिंग सेवेवरून उचलले आणि स्वतःच्या सर्व्हरवर, फोर्जेयो या कोड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर आणले. आता जिनिंगचा (कापसातून सरकी काढण्याचा) हंगाम निम्म्यावर आलाय. मुद्दाम इतके दिवस थांबून लिहितोय, कारण पहिल्या आठवड्यात सगळंच छान वाटतं. खरी परीक्षा दिवाळीनंतर होते, जेव्हा कापूस यायला लागतो आणि रोज एखादा बदल संध्याकाळच्या आत द्यावा लागतो.

आम्ही जळगावात पाच जण आहोत. रावेर-सावद्याकडच्या केळी व्यापाऱ्यांचं बिलिंग, धरणगाव-चोपड्याकडच्या जिनिंगची कापूस खरेदी आणि काही कृषी सेवा केंद्रांचा साठा, एवढं आमचं काम. आधीच सांगतो: परत जायचं नाही, हे ठरलंय. पण हलताना आम्ही जिथे अडखळलो त्या जागा नीट माहीत असत्या तर दोन-तीन रात्री वाचल्या असत्या, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

निघायचं कारण पैसे भरण्याचं. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे, म्हणजे आपोआप पैसे कापण्याच्या परवानगीचे, नियम लागू झाले आणि परदेशी सेवेला कार्डवरून दर महिन्याला आपोआप पैसे जाणं बेभरवशाचं झालं. कधी जायचे, कधी अडकायचे. गेल्या हंगामात ते अडकले तेव्हा आमचं खातं खालच्या योजनेवर गेलं, आपोआप होणारे बिल्ड (कोडमधून चालणारा प्रोग्रॅम तयार करणं) थांबले आणि अमळनेरचा एक व्यापारी फोनवर विचारत राहिला, "भो, मनं बिल कव्हय निंघी?" त्याला काय सांगणार? कोड तयार होता, तपासलेला होता, फक्त त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. सेवेच्या मदतकक्षाचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं.

त्या तीन दिवसांत जुन्या गोष्टी आठवल्या. गूगल कोड या अशाच सेवेने मार्च २०१५ मध्ये बंद होणार असल्याचं जाहीर केलं आणि जानेवारी २०१६ मध्ये ती बंद झाली. गिटोरिअस ही तशीच दुसरी सेवा त्याच २०१५ मध्ये संपली. मुळात कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, गिट, जन्मलं तेच अशा परावलंबनातून: लिनक्सची मंडळी त्याच कामासाठी बिटकीपर हे दुसऱ्याचं साधन वापरत होती, त्याची फुकट वापराची परवानगी गेली आणि एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने स्वतःचं साधन लिहायला घेतलं. आमचं काम त्यापुढे केवढंसं. पण आमच्या रावेरच्या गिऱ्हाइकाला त्याचं बिल लिनक्सइतकंच मोठं आहे, आणि मला त्याचं ते मोठेपण पटतं.

फोर्जेयो का? गिटलॅब हे तशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर आमच्या चार जीबी मेमरीच्या भाड्याच्या सर्व्हरला जड. कोडबर्ग ही कोड ठेवायची सेवा बर्लिनची एक ना-नफा संस्था चालवते, पण ती जागा मुक्त सॉफ्टवेअरसाठी आहे, गिऱ्हाइकाचा खासगी कोड तिथे ठेवणं योग्य नाही. त्याच संस्थेच्या छत्राखाली २०२२ च्या अखेरीस गिटी या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळं काढलेलं फोर्जेयो मात्र स्वतःच्या सर्व्हरवर कुणीही चालवावं. नाव एस्परांतो भाषेतलं आहे, अर्थ लोहाराची भट्टी. आम्ही एप्रिल २०२५ मध्ये आलेली अकरावी आवृत्ती घेतली, कारण ती दीर्घकाळ सांभाळली जाणार होती आणि दर तीन महिन्यांनी मोठी आवृत्ती बदलत बसायला आमच्याकडे माणूस नाही.

कोड हलवणं सर्वांत सोपं निघालं. ज्या चौदा रेपोंमध्ये इश्यू (कामाच्या आणि तक्रारींच्या नोंदी) वगैरे काही नव्हते ते मिरर क्लोन करून (जशीच्या तशी पूर्ण प्रत उतरवून) मिरर पुश केले (नव्या जागी चढवले). साधा क्लोन घेऊन ढकलला तर ज्या ब्रँच (कोडच्या समांतर शाखा) तुम्ही उघडल्याच नाहीत त्या मागे राहतात, मिररमध्ये सगळ्या ब्रँच आणि टॅग (आवृत्त्यांच्या खुणा) येतात. मग दोन्हीकडच्या ब्रँचची यादी काढून शेवटच्या कमिटचे (नोंदवलेल्या बदलाचे) हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारे ओळखक्रमांक, शेजारी ठेवून जुळवले. हॅश जुळला म्हणजे त्यामागचा सगळा इतिहास जुळला, एक ओळही इकडची तिकडे झालेली नाही. गिटची ही गोष्ट मला आजही फार आवडते. एका संध्याकाळी चौदाही झाले, आणि रात्री निवांत शेवभाजी खाल्ली.

सकाळी पावतीच्या छपाईचा रेपो नव्या जागेवरून ओढला तर मराठी फाँटच्या फाइलच्या जागी तीन ओळींची एक मजकुराची फाइल. त्या रेपोत मोठ्या फाइली एलएफएसमध्ये (मोठ्या फाइली गिटबाहेर ठेवायच्या सोयीत) होत्या. मिररने फक्त त्यांचे पत्ते आणले, प्रत्यक्ष फाइली जुन्या जागीच राहिल्या. एलएफएसचा फेच-ऑल (सगळं उतरवणं) आणि पुश-ऑल (सगळं चढवणं) वेगळा चालवावा लागतो. हॅश मात्र सगळे जुळत होते, कारण गिटच्या दृष्टीने त्या तीन ओळी म्हणजेच फाइल. तुमच्या रेपोत एलएफएस असेल तर जुळवणी फक्त हॅशवर सोडू नका, एक तरी मोठी फाइल उघडून बघा.

उरलेले नऊ रेपो म्हणजे आमचा खरा संसार. त्यात सहा वर्षांचे इश्यू, चर्चा, पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये बदल घेण्याच्या विनंत्या). हे काहीच गिटच्या आत नसतं. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर कोडची पूर्ण प्रत असते, पण कोड असा का आहे हे ज्या बोलण्यात आहे, ते होस्टिंग सेवेच्या डेटाबेसमध्ये. हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ कळला तो केळीच्या रेपोतला इश्यू क्रमांक २१४ उघडल्यावर.

केळीचा भाव बाहेरच्या माणसाला चटकन समजत नाही. नवतीचा (नव्या लागवडीच्या पिकाचा) वेगळा, पिलबागेचा (जुन्या झाडाच्या पिलांपासूनच्या पिकाचा) वेगळा, वापसीचा (बाजूला काढलेल्या हलक्या मालाचा) वेगळा, आणि वर फरक (भावात धरायची वाढ). आमच्या बिलात शेवटी काही रुपयांची तफावत यायची. रावेरच्या एका पेढीच्या मुनीमकाकांनी, वय सत्तरच्या पुढे, हिशोब कसा चालतो ते आम्हाला समजावलं होतं: कटती (कपात) आधी वजा करायची, मग फरक लावायचा, आणि पैसे पूर्ण करायचे ते अगदी शेवटी, मधे कुठेच नाही. त्यांनी काटापावतीच्या पाठीवर पेनाने तीन उदाहरणं सोडवून दाखवली. आमच्यातल्या एकाने त्याचा फोटो काढून इश्यूत चिकटवला आणि खाली लिहिलं, 'काकांनी सांगितल्याप्रमाणे'. कोडमध्ये त्या ओळीवर एकच टिप्पणी आहे: 'बघा २१४'. काका आता हयात नाहीत.

फोर्जेयोच्या स्थलांतराच्या फॉर्ममध्ये जुन्या सेवेचं टोकन (प्रवेशाची किल्ली) दिलं की ते इश्यू, लेबलं, माइलस्टोन, पुल रिक्वेस्ट, रिलीज सगळं ओढून आणतं. आमच्याकडे ते आलं, आणि मुख्य म्हणजे क्रमांक तेच राहिले, कारण इकडेही इश्यू आणि पुल रिक्वेस्टची एकच माळ आहे. गिटलॅबमध्ये दोघांचे क्रमांक वेगळे चालतात, तिथे 'बघा २१४' भलतीकडे घेऊन जाण्याची शक्यता असते. टिप्पणी करणाऱ्यांची नावं जुनीच दिसतात, पण नुसती नावं म्हणून; नव्या खात्यांशी ती जोडली जात नाहीत. एवढं चालण्यासारखं आहे.

२१४ उघडला. मजकूर होता, नावं होती. फोटोच्या जागी तुटकी चौकट.

मजकुरातल्या चित्रांचे पत्ते जसेच्या तसे येतात, चित्रं येत नाहीत. ती जुन्या सेवेवर, लॉगिनच्या आड पडलेली असतात. जुनं खातं त्याच आठवड्यात बंद करायचं ठरलं होतं. केलं असतं तर काकांचं ते हस्ताक्षर कायमचं गेलं असतं, आणि आम्हाला ते कळलंही नसतं, कारण आयात यशस्वी झाल्याचा हिरवा संदेश आधीच आला होता.

दोन संध्याकाळी बसून पायथनची एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. सगळ्या इश्यूंच्या आणि टिप्पण्यांच्या मजकुरातून जुन्या सेवेचे चित्रांचे पत्ते शोधायचे, लॉगिनसह उतरवायचे, फोर्जेयोच्या एपीआयने (दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडायच्या सोयीने) त्याच टिप्पणीला जोडायचे आणि मजकुरातला पत्ता बदलायचा. सहाशेच्या वर चित्रं निघाली. बहुतेक साधे स्क्रीनशॉट, पण काटापावत्या, कपाशीच्या ओलाव्याच्या यंत्राचे फोटो, एका कृषी केंद्राच्या वहीचं पान, असं बरंच काही त्यात होतं. हलणाऱ्या प्रत्येकाला माझा आग्रह आहे की जुनं खातं मिटवायच्या आधी चित्रं असलेले दहा तरी इश्यू स्वतः उघडून बघा, आणि तेही जुन्या सेवेतून लॉगआउट होऊन. लॉगिन असताना चित्र दिसतं आणि आपण फसतो.

यानंतरची अडचण गुपितांची. बिल्डसाठी लागणारे पासवर्ड, टोकन, सही करण्याची किल्ली हे त्या सेवेत एकदा टाकलं की परत वाचता येत नाही, आणि ते तसंच असायला हवं. पण आमच्या अँड्रॉइड ॲपवर सही करायची कीस्टोर फाइल फक्त तिथेच होती असं लक्षात आलं. ती बनवणारा मित्र आता पुण्यात. त्याने रात्री जुना पेनड्राइव्ह शोधून फाइल पाठवली तेव्हा जीव भांड्यात पडला. प्ले ॲप साइनिंग (ॲपची मुख्य किल्ली गूगलने सांभाळायची सोय) चालू असेल तर अपलोडची किल्ली हरवली तरी गूगलकडे नव्या किल्लीसाठी अर्ज करता येतो, पण हंगामाच्या तोंडावर तेवढा वेळ कुणाकडे असतो? हलायचं ठरवलं की सर्वांत आधी गुपितांची यादी करा, आणि प्रत्येकाची मूळ प्रत कुणाकडे आहे ते नावानिशी लिहा.

बिल्डच्या फाइली जवळजवळ तशाच चालल्या. फोर्जेयोच्या ॲक्शन्स (बिल्ड आपोआप चालवायची सोय) जुन्या सेवेवरून आलेल्याला ओळखीच्या वाटाव्यात अशाच केल्या आहेत, पण तंतोतंत तेच आहे असा त्यांचा दावा नाही. नुसतं नाव लिहून मागवलेल्या तयार ॲक्शन फोर्जेयोच्या स्वतःच्या साठ्यातून येतात, तिथे नसेल त्याचा पूर्ण पत्ता लिहावा लागतो. आमच्या चार फाइलींत तेवढाच बदल लागला. वेबहुक (बदल झाला की दुसरीकडे आपोआप जाणारी सूचना) आणि डिप्लॉय-की (सर्व्हरला कोड घेऊ देणारी किल्ली) पुन्हा हाताने टाकल्या. सबमॉड्यूलचे (एका रेपोत जोडलेल्या दुसऱ्या रेपोंचे) पत्तेही बदलायला विसरू नका.

आता आठ महिन्यांच्या वापराबद्दल. वेग उत्तम आहे. पानं हलकी असल्याने चोपड्याला गिऱ्हाइकाकडे बसून मोबाइलच्या नेटवरही इश्यू पटकन उघडतो, पूर्वी चाक फिरत राहायचं. चार जीबीतली निम्मी मेमरीही लागत नाही. खर्च सर्व्हरच्या भाड्यापुरता, आणि ते भाडं रुपयांत, यूपीआयने. सुरुवातीला दोन रेपो उघडे ठेवले होते, तर कुठलेकुठले बॉट (आपोआप पानं चाळणारे प्रोग्रॅम) जुने कमिट चाळत बसायचे आणि प्रोसेसर तापायचा. लॉगिनशिवाय काहीच दिसू नये अशी सेटिंग केली, ते थांबलं.

एकदा मात्र जोरात आपटलो, आणि चूक आमचीच होती. रनर, म्हणजे बिल्ड चालवणारा कार्यक्रम, फोर्जेयोच्याच सर्व्हरवर ठेवला होता. प्रत्येक बिल्डमागे कंटेनरच्या प्रतिमा (बिल्डला लागणाऱ्या तयार वातावरणाच्या मोठ्या फाइली) साठत गेल्या आणि दिवाळीनंतरच्या सोमवारी डिस्क भरली. डेटाबेसला लिहायला जागा नाही, कुणाचाच पुश जाईना. नेमक्या त्या दिवशी धरणगावच्या जिनिंगला ओलाव्याच्या कपातीचा बदल हवा होता. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की दर कापला जातो आणि १२ च्या वर कापूस घेतच नाहीत, म्हणून जिनिंगवाल्याला त्याच्या स्वतःच्या खरेदीतही तशीच टप्प्यांची कपात दाखवायची होती. बाहेर ट्रॅक्टरची रांग लागलेली. आम्ही तो बदल एका लॅपटॉपवर बिल्ड करून, गाडी काढून, पेनड्राइव्हने नेऊन दिला. त्या संध्याकाळी रनर ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपवर हलवला, दर रविवारी जुन्या प्रतिमा पुसायला लावल्या, आणि डिस्क ८० टक्के भरली की फोनवर संदेश यायची सोय केली. त्यानंतर त्रास नाही.

बॅकअपची जबाबदारी आता पूर्ण आपली, हे स्वीकारूनच या वाटेला यावं. रोज रात्री फोर्जेयोचा डंप (सगळ्या माहितीची एकत्र फाइल) निघतो, त्याची एक प्रत ऑफिसात आणि एक दुसऱ्या शहरातल्या साठवणुकीत जाते. मे महिन्यात इथला पारा ४५ च्या आसपास असतो आणि दुपारी वीज गेली की ऑफिसातली खोली भट्टी होते, म्हणून एकाच ठिकाणच्या प्रतीवर मी विश्वास ठेवत नाही. दर दोन महिन्यांनी एका जुन्या लॅपटॉपवर डंप उघडून पूर्ण फोर्जेयो उभं करून बघतो. पाऊण तास जातो. पहिल्या वेळी कळलं की सेटिंगच्या फाइलमधली गुप्त किल्ली सोबत नसेल तर दुहेरी लॉगिनची माहिती उघडत नाही. आता ती फाइल वेगळी, कुलपात असते. उभं झालं की दरवेळी मी आधी २१४ उघडतो. फोटो दिसला की बाकीचं तपासायला घेतो.

तुमच्याकडे सर्व्हर सांभाळायला एकही माणूस नसेल तर हे करू नका, मोठ्या सेवेवरच राहा आणि इश्यूंची प्रत तेवढी नियमित काढत जा. दोघं जरी असे असतील जे रात्री उठून लॉग वाचू शकतात, तर जरूर करा.

जुन्या ठिकाणचे रेपो आम्ही अजून मिटवलेले नाहीत, फक्त वाचण्यापुरते ठेवलेत. गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲप गटांत आणि काही कमिटच्या मजकुरात जुने पत्ते सापडत राहतात. सापडला की शेजारी नवा लिहितो. यादी अजून संपलेली नाही, पुढच्या आखाजीपर्यंत संपेल.