व्हीआयए की पॅप स्मिअर?

व्हीआयए म्हणजे ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं, पॅप स्मिअर म्हणजे पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होण्याआधीचे बदल दोन्ही तपासण्यांत सापडतात. फरक निकाल कधी हातात पडतो याचा.

व्हीआयएमध्ये 3 ते 5 टक्के ॲसिटिक ॲसिडात भिजवलेला कापूस गर्भाशयाच्या तोंडावर लावून पूर्ण 1 मिनिट थांबतात. पेशी बदललेल्या असतील तर ठळक कडेचा पांढरा डाग उठतो. घाई केली की तो निसटतो. निकाल तिथल्या तिथे. पाळी कायमची गेल्यावर मात्र पेशी बदलण्याची जागा आत सरकते, नजरेला येत नाही. तेव्हा या तपासणीवर विसंबू नये.

पॅपमध्ये स्पॅच्युला, म्हणजे चपटी काडी, गर्भाशयाच्या तोंडावर पूर्ण गोल फिरवून पेशी काचपट्टीवर पसरतात आणि लगेच 95 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवतात. जरा उशीर झाला की पेशी सुकतात, काचपट्टी वाचता येत नाही, बाईला परत बोलवावं लागतं. रिपोर्टसाठीही फेरी आलीच.

जांबोटी-कणकुंबीकडच्या बाईने रोजगार बुडवून बेळगावला दोनदा कसं यायचं? तिशी उलटलेल्या, पाळी चालू असलेल्या तिच्यासाठी व्हीआयएच बरी, दर 5 वर्षांनी. पाळी गेलेल्यांनी पॅप करावी, एक फेरी जास्त पडली तरी.

डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. पुढे कॉल्पोस्कोपी करतात, म्हणजे गर्भाशयाचं तोंड दुर्बिणीतून मोठं करून बघतात. पण संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर तपासणी शिबिराची वाट न बघता थेट डॉक्टर गाठा.