न्यूझीलंडमधील प्रस्तरारोहण आणि स्वयंपूर्ण व्हॅन : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर प्रस्तरारोहणासाठी फिरायचे असेल, तर दोन बेटांमधील फेरीबोट वगळता कशाचेही आरक्षण आधी करू नये, असे काही महिने तेथे राहिल्यावर मी ठामपणे सांगेन. आणि तसे फिरणे परवडते ते झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय गाडीतच असेल तर. आम्ही दोघा आरोहकांनी त्यासाठी एक जुनी पेट्रोल व्हॅन विकत घेतली होती.

याचे कारण पाऊस. पश्चिमेकडून येणारे बाष्पयुक्त वारे सदर्न आल्प्सवर अडतात, त्यामुळे मिलफर्ड साउंडला वर्षाकाठी 6000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पर्वतरांगेच्या आड असलेल्या अलेक्झांड्रा परिसरात तो जेमतेम 350 मिलिमीटरच्या आसपास असतो. सह्याद्रीत पावसाळा सरला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी कातळ कोरडा मिळणार हे आपण गृहीत धरतो. तेथील उन्हाळाही डिसेंबर ते फेब्रुवारीच; पण त्यातला कोणताही आठवडा कोरडा जाईल याची खात्री नसते. खात्री असते ती एवढीच, की एका बाजूला पाऊस असताना दुसऱ्या बाजूला बहुधा ऊन असते. पश्चिम किनाऱ्यावर चार्ल्सटनच्या समुद्रकड्यांवर आम्ही आरोहण करत असताना पावसाचा अंदाज आला, तेव्हा सामान आवरून आर्थर्स पासमार्गे घाट ओलांडला आणि त्याच रस्त्यावर पुढे असलेल्या कुरा टाफिटी, म्हणजेच कॅसल हिल, येथील कोरड्या चुनखडीवर पोहोचलो. आधी पैसे भरलेली खोली असती, तर ती सोडवली नसती.

व्हॅन निवडताना कायदा नीट वाचावा. 2023 च्या दुरुस्तीनंतर, छावणीस्थळाबाहेर गाडीत मुक्काम करायला लागणाऱ्या स्वयंपूर्णतेच्या हिरव्या प्रमाणपत्रासाठी शौचालय गाडीत पक्के बसवलेले असावे लागते आणि पलंग पसरलेला असतानाही ते वापरता यावे लागते. शिवाय तीन दिवस पुरेल इतके, म्हणजे माणशी 12 लिटर पाणी आणि तेवढेच सांडपाणी साठवण्याची सोय लागते. हे प्रमाणपत्र असले तरी कोठेही थांबता येते असे नाही, कारण प्रत्येक स्थानिक परिषदेचे नियम वेगळे असतात आणि दंड 400 न्यूझीलंड डॉलरपासून सुरू होतो. कुरा टाफिटीच्या राखीव क्षेत्रात तर मुक्कामास मनाईच आहे. ती नाई ताहू या माओरी समाजाची पवित्र भूमी असून तेथे एका कपारीत कोळशाने काढलेले जुने रेखाटनही आहे, त्यामुळे तेथे वावरताना आपल्या गडावरील देवळाजवळ जेवढा संयम पाळतो तेवढा पाळावा.

गाडीतल्या राहणीचा खरा त्रास ओलाव्याचा. दोन माणसांचा श्वास, चहाची वाफ आणि भिजलेला दोर यांमुळे सकाळी काचा आतून पाणी गाळत असत आणि पावसाळी दिवसांत गाद्यांना कुबट वास येई. छतात पंखा बसवल्यावर फरक पडला. विकत घेताना तो पाहूनच घ्यावा. शौचालयाने खाल्लेल्या जागेमुळे क्रॅशपॅड, म्हणजे खडकावरून पडल्यास मार झेलणाऱ्या जाड गाद्या, रोज रात्री पुढच्या आसनांवर हलवावे लागे. पश्चिम किनाऱ्यावर सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्यांपुढे दार उघडे ठेवता येत नाही, म्हणून खिडक्यांना बारीक जाळी हवीच.

डिझेल व्हॅन स्वस्त वाटली, तरी तिला दर 1000 किलोमीटरच्या टप्प्यांत रस्तावापर शुल्क आगाऊ भरावे लागते, हे हिशेबात धरावे. महाराष्ट्राचा वाहन परवाना इंग्रजीत असल्याने भाषांतर लागले नाही आणि तेथेही वाहने डावीकडूनच चालतात. मात्र नकाशावरील वेळेवर विसंबू नये; वळणे, चढ आणि एकपदरी पूल यांमुळे प्रवास लांबतो.

आरोहणाच्या दृष्टीने सर्वाधिक समाधान दिले ते गोल्डन बेमधील टाकाकाजवळच्या पेन्स फोर्डने. नदीकाठी चुनखडीचे कडे, दोर अडकवण्यासाठी कातळात कायमचे बोल्ट मारलेले भरपूर मार्ग आणि दुपारी पोहण्यास डोह. तेथे आम्ही ठरवल्यापेक्षा कितीतरी अधिक काळ राहिलो. बहुतेक मार्गांना 60 मीटरचा दोर पुरतो, परंतु लोकप्रिय मार्गांवरील पकडी घासून गुळगुळीत झाल्या आहेत आणि सह्याद्रीच्या खडबडीत बसाल्टची सवय असलेल्या पायांना त्यांवर विश्वास ठेवायला वेळ लागतो. वानाका येथील शिस्ट खडकाच्या बारीक कडांवर मात्र लवकर जम बसतो. उत्तर बेटावर वारेपापा साउथचा इग्निम्ब्राइट हा ज्वालामुखीय खडक खळग्याखळग्यांचा आहे. तो भाग मेंढ्यागुरांच्या खासगी कुरणांत असल्याने प्रवेशाचे नियम आदल्या दिवशी तपासावेत. त्यासाठी 1891 मध्ये स्थापन झालेल्या न्यूझीलंड अल्पाइन क्लबचा मार्गांचा संगणकीय संग्रह आम्हाला फार उपयोगी पडला. मार्गांच्या अवघडपणाची श्रेणी तेथे एकाच वाढत्या आकड्याने देतात. 18 हा आकडा सुमारे फ्रेंच श्रेणीपद्धतीतील 6अ इतका समजावा.

भारतातून जाणाऱ्यांनी बूट, दोर व तंबू निघण्यापूर्वी धुऊन पूर्ण वाळवावेत आणि आगमनाच्या घोषणापत्रात त्यांची नोंद आवर्जून करावी. सह्याद्रीची लाल माती तळव्यांच्या खाचांत राहते, तेथील जैवसुरक्षा अधिकारी ती काळजीपूर्वक तपासतात आणि माहिती दडवल्यास जागीच 400 डॉलर दंड होतो.

सलग दोन-तीन महिने हाताशी असतील, तर अशी व्हॅन विकत घ्यावी आणि फेब्रुवारीअखेर, पर्यटक अजून असतानाच, ती विकायला काढावी. केवळ दोन आठवडे जाणाऱ्यांनी भाड्याची साधी मोटार व तंबू घेऊन एकच प्रदेश निवडावा. त्यांना मी पेन्स फोर्ड सुचवीन.